दसऱ्याचा घाणा

मेडशी सोडून अकोल्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर बाबूलालशेठचा टायरचा कारखाना लागतो. कारखाना म्हणजे टिनाचं एक लांबलचक शेड आणि त्याच्या मागे जुन्या टायरांचा एवढा ढीग, की नवा माणूस गाडी थांबवून पाहतो. गुळगुळीत झालेले, फाटलेले, कुठल्या कुठल्या रस्त्यांवर झिजलेले टायर इथे येतात आणि भुगा होऊन पोत्यांतून बाहेर पडतात. आधी टायरच्या काठातली जाड तारेची कडी ओढून काढायची, मग कातरून पट्ट्या करायच्या, मग त्या पट्ट्या दोन लोखंडी रुळांमध्ये भरडायच्या. वास असा, की तिथे काम करणारा माणूस एसटीत बसला तर शेजारचा मुकाट्याने खिडकी उघडतो.

जगदेव या कारखान्यात चुंबकावर होता. टायरच्या पोटात केसाएवढ्या बारीक पोलादी तारा असतात आणि भरडताना त्या भुग्यात मिसळतात. भुगा फिरत्या पट्ट्यावरून सरकत यायचा, वर चुंबकाचा मोठा ठोकळा टांगलेला असायचा, आणि तारा उडून त्याला चिकटायच्या. त्या खरवडून पोत्यात टाकायच्या, हे जगदेवचं काम. काम फार डोक्याचं नव्हतं, पण जगदेवचा रुबाब असा, की ऐकणाऱ्याला वाटावं सगळा कारखाना याच्याच जिवावर उभा आहे. "माह्या हाताखालून गेलेल्या भुग्यात तार सापडली त मिशी काढून टाकीन," असं तो चहाच्या टपरीवर सांगायचा. लोक हसायचे, आणि त्यालाही त्याचं काही वाटायचं नाही.

त्याचा खरा जीव मात्र घरी होता, निकितात. एकुलती एक पोरगी, आणि तिने पोलिसात जायचं शाळेत असतानाच ठरवून टाकलं होतं. मागच्या भरतीत तिचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, थोडक्यात हुकलं. आठशे मीटर पळताना शेवटच्या वळणावर दम गेला. जगदेवचा थोरला भाऊ पंजाबराव, निकिताचा मोठा बाबा, म्हणजे त्या घरात ज्याचा शब्द चालतो तो माणूस. त्याने तेव्हाच धनजचं एक स्थळ आणलं होतं. जगदेव आयुष्यात पहिल्यांदा भावासमोर ताठ उभा राहिला.

"दादा, एक भरती अजून द्या तिले," तो म्हणाला. "या बारीनं नाई निघालं, त तुमी म्हनान तिथं पोरगी देतो. मंग माह्या तोंडातून शब्द निघनार नाई."

पंजाबराव सुपारी कातरत होता. त्याने मान वर केली नाही. "शब्द हाये ना?"

"शब्द हाये."

निकिताचं धनजशी काही वैर नव्हतं. पोरगा चांगला होता म्हणे, घरी तुरीचं रान होतं, पाणी होतं. पण तिला खाकी हवी होती. लहानपणापासून तिने दुसरं काही मागितलंच नव्हतं, आणि आता ते मागणं एका ग्राउंडवर येऊन टेकलं होतं.

गावाच्या ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी पडीत जागेवर, बाभळींच्या मधून, भरतीच्या पोरापोरींनी पळून पळून एक गोल वाट पाडली होती. रवी नावाचा पोरगा शिट्टी घेऊन उभा राहायचा. त्याची स्वतःची भरती कधी झाली नाही, म्हणून तो दुसऱ्यांची करायला निघाला होता. वाटेचं एक वळण नुसत्या दगडगोट्यांचं होतं. बाकीच्या पोरी जुन्या-पुराण्या बुटांत पळायच्या, निकिता अनवाणी. जगदेवने वाशीमहून आणलेले बूट ती ग्राउंडसाठी जपून ठेवत होती. रात्री उज्ज्वला, तिची आई, तिच्या नडग्यांना तेल चोळायची आणि जगदेव बाजूला बसून पाहायचा. पोरगी हूं की चूं करायची नाही, पण तेल लावताना तिचे डोळे मिटायचे.

आता बाबूलालशेठची एक रीत सांगायला पाहिजे. शेठच्या वडिलांची पूर्वी तेलघाणी होती. दसऱ्याच्या पूजेनंतर जो पहिला घाणा निघेल, तो विकायचा नाही, कामावरच्या माणसांना वाटून टाकायचा, असा त्यांचा नेम होता. मुलाने घाणी मोडून टायरची मशीन बसवली, पण नेम तसाच ठेवला. तेल वाटलं तर लोक भांडी घेऊन यायचे. रबराचा भुगा कोण नेणार? दर वर्षी दसऱ्याचा घाणा निघायचा, शेठ हात जोडायचा, आणि ती पोती कुंपणाशी पडून राहायची.

त्या वर्षी जगदेव शेठकडे गेला. "शेठ, औंदाचा घाना मले द्या."

"काय करतं बे त्याचं? भाकरी थापतं काय?"

"माह्यी पोरगी पळते शेठ. मोठ्या शहरात पळाच्या मैदानावर हाच भुगा टाकतेत म्हनता ना तुमी? मंग मेडशीच्या पोट्ट्याइच्या पायाखाली काहून नाई?"

बाबूलालशेठ खुर्चीत मागे रेलला. त्याला ही गोष्ट मनापासून आवडली. "घेऊन जाय," तो म्हणाला. "ट्रॅक्टर बी माह्याच ने. तुही पोरगी फौजदार झाली त आपल्या कारखान्याचं नाव सांगजो म्हना."

त्या दिवशी जगदेव घरी गेला तो जवळजवळ पळतच. कारखान्यात एवढी वर्षं काढली, पण तिथून पोरीसाठी काही आणता येईल असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

खंडेनवमीला मशिनींची पूजा. ज्याची जी मशीन, त्याने ती सजवायची. बांधावरचा झेंडू जगदेवने पोतंभर तोडून आणला आणि निकिताने तो अंगणात बसून ओवला. ओवता ओवता माळ एवढी लांब झाली, की उज्ज्वला म्हणाली, चुंबकाला घालता का लग्नाच्या मांडवाला. जगदेवने ती चुंबकाला गुंडाळली. एक वेढा, दुसरा वेढा, वर आणि खालूनही, आणि त्यावर लाल कापड. हळदीकुंकू वाहिलं, ऊदबत्ती लावली. एवढी जाड, एवढी भरगच्च पूजा शेडात दुसऱ्या कोणाच्याच मशीनला नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी नारळ फुटला आणि पहिला घाणा चालू झाला. हा घाणा पूजा अंगावर असतानाच काढायचा असतो, फुलं दुसऱ्या दिवशी उतरवायची. भुगा पट्ट्यावरून सरकू लागला. अधूनमधून एखादी तार उडून झेंडूत अडकत होती, आणि जगदेवला तेवढं दिसलं तेव्हा बरं वाटलं. त्या दिवशी खरवडायला विशेष काही नव्हतंच. तो हात जोडून उभा राहिला आणि पोरीच्या नावाने काय मागायचं ते मागून घेतलं.

संध्याकाळी ट्रॅक्टर ई-क्लासवर आला. रवी, पोरी, पोरं, सगळ्यांनी मिळून त्या दगडांच्या वळणावर भुग्याचा जाड थर टाकला. पोरी त्यावर लहान लेकरांसारख्या उड्या मारायला लागल्या. निकिता अनवाणीच एक चक्कर मारून आली. केस कपाळाला चिकटलेले, छाती वरखाली होत होती.

"कसं लागते?" जगदेवने विचारलं.

"गादी हाये बाबा. पाय खाली टेकला म्हनून समजतच नाई."

जगदेवचे डोळे भरून आले. तो ट्रॅक्टरच्या पलीकडे गेला आणि उगाच चाकांची हवा पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने चुंबकावरची पूजा उतरवली आणि मशीन सुरू केली, तर तारा अशा झुंबडीने येऊन चिकटल्या, की त्याचे हात पुरेनात. "पूजा पावली शेठ," तो ओरडून म्हणाला. "चुंबकात जोर आला." शेठ हसला. जगदेवही हसला.

मग रोजचाच एक प्रकार सुरू झाला. कामावरून आला की जगदेव चपला काढायच्या आधी विचारायचा, "आज कसं लागलं वळनावर? मऊ लागते ना?" आणि निकिता म्हणायची, "लागते ना बाबा." तेवढं ऐकलं की तो चहाला बसायचा. पुढे काही दिवसांनी निकिता बूट घालून पळू लागली. ग्राउंड जवळ आलंय, बुटांची सवय पाहिजे, असं ती म्हणाली. जगदेवला ते पटलं. ती बाकीच्या पोरींनाही सांगू लागली, की अनवाणी पाय टाकू नका, बाभळीचे काटे आहेत.

मग ती थोडी लंगडू लागली. उज्ज्वलाने विचारलं तर म्हणाली, काटा रुतला होता. आईने सुईने उकरून पाहिलं, काही सापडलं नाही. रुईचा चीक लावला, गरम विटेचा शेक दिला. दोन दिवस बरं वाटलं, मग तळपाय पुन्हा टरटरून आला. दवाखान्यात चल म्हटलं, की ती म्हणायची ग्राउंड होऊ दे. जगदेवही फार धरून बसला नाही. डॉक्टरने पळू नको म्हणून सांगितलं तर? तीच भीती त्यालाही होती, आणि ती त्याने स्वतःलाही कबूल केली नाही.

भरतीच्या दिवशी वाशीमच्या पोलीस मैदानावर पालकांना आत जाऊ देत नव्हते. जगदेव बाहेर कुंपणाला धरून उभा राहिला. आतून नुसती शिट्टी ऐकू येत होती, पावलं ऐकू येत होती, आणि मधेच कुणीतरी ओरडत होतं. पोरी बाहेर येऊ लागल्या. काही हसत, काही रडत. निकिता सगळ्यांत शेवटी आली. बूट हातात होते, एका पायाचा मोजा भिजून लाल झाला होता.

"नाई निघालं बाबा," ती म्हणाली. "पयल्या चकरीत पुढं होती मी. मंग पायच टेकवला जाईना."

ती रडली नाही. त्याने तिला धरलं तेव्हा तिचं अंग तापाने फणफणत होतं.

वाशीमच्याच दवाखान्यात डॉक्टरांनी पाय पाहिला आणि आधी ते बापावर डाफरले. एवढे दिवस काय करत होतात? पाय सुन्न करून चिरला, पू काढला. मग चिमट्यात काहीतरी धरून त्यांनी दिव्याखाली नेलं. नखाएवढा तुकडा, केसासारखा बारीक, सोन्यासारखा पिवळा चमकणारा.

"तार आहे ही," डॉक्टर म्हणाले. "ही कशी गेली पायात?"

जगदेवने ती ओळखली. ओळखायला काय, वर्षानुवर्षं तो दिवसभर तेच पाहत होता. टायरातल्या तारेवर पितळेचा मुलामा असतो, म्हणून ती पिवळी दिसते. आपण चुंबकाला घातलेला तो एकेक वेढा त्याच्या डोळ्यांपुढे आला. फुलांचा थर मधे आला होता. तारांना चुंबकापर्यंत पोचताच आलं नव्हतं, त्या सगळ्या खाली भुग्यातच राहिल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी चुंबकात जोर आला म्हणून तो हसला होता. तोंड उघडून काहीतरी बोलायला पाहिजे होतं.

"भांडे घासाच्या तारेची असंन," निकिता पटकन म्हणाली. "न्हानीत पाय पडला होता माह्या."

जगदेवने पोरीकडे पाहिलं. तिने नजर वळवली, आणि त्याला कळलं, की तिला माहीत आहे.

डॉक्टर पुढे बोलत होते. पू आत स्नायूपर्यंत पोचला होता. जखम भरेल, चालता येईल, पण पाय दुखत राहील आणि भरतीचं पळणं आता विसरायचं. औषधं कशी घ्यायची तेही त्यांनी सांगितलं, आणि ते निकिताने ऐकून घेतलं.

परतीच्या एसटीत दोघं शेजारी बसले. मालेगाव मागे पडलं. मग जगदेव समोरच्या दांडीकडे पाहत म्हणाला, "तुले मालूम होतं."

"पयल्याच हप्त्यात समजलं. एक तार मी सोताच काढली होती. दुसरी आत तुटली."

"मंग सांगतलं काहून नाई?"

निकिता खिडकीबाहेर पाहत होती. "तुमी रोज इचारत होते ना बाबा. कसं लागते म्हनून." तिचा आवाज आता कुठे फुटला. "वाटलं, ग्राउंड निघालं की सांगू. निघालं असतं त आपन दोघंबी हासलो असतो."

जगदेवला त्या भरल्या गाडीत रडू आवरेना. त्याने दुपट्ट्यात तोंड घातलं. कंडक्टरने त्याच्याकडे पाहिलं आणि तिकीट न विचारता पुढे गेला. पोरगीच बापाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"आईले सांगू नका," उतरायच्या आधी ती म्हणाली. "मोठ्या बाबाले त बिलकुलच नाई."

दुसऱ्या दिवशी जगदेव कामावर गेला नाही. खराटा आणि पोती घेऊन ई-क्लासवर गेला आणि वळणावरचा भुगा गोळा करू लागला. मूठभर भुगा उन्हात धरला की त्यात पिवळं चमकायचं. पसाभर घेतला की आणखी. तो वेड्यासारखा झाडत होता. रवी सायकलवरून आला. "काका, काहून काढून राह्यले? पोट्ट्याइले चांगलं झालं होतं."

"शेठले वापस पाह्यजे," जगदेव म्हणाला.

"शेठ लोक असेच," रवी म्हणाला आणि गेला. ज्या शेठने आपला ट्रॅक्टर दिला होता, त्याच्यावर आळ आला, आणि जगदेवला तोही खोडून काढता आला नाही.

पळणं गेलं, पण पोरीचं डोकं जागेवर होतं. दुसऱ्या परीक्षा होत्या, टेबलावर बसून करायच्या नोकऱ्या होत्या. घरात कोणी तिच्या बाजूने उभं राहिलं असतं तर वर्ष-दीड वर्ष सहज मिळालं असतं. आधीचा जगदेव उभा राहिला असता. शब्द गेला चुलीत म्हणाला असता. पण आता तोंड उघडायला गेला, की ती पिवळी तार डोळ्यांपुढे यायची, आणि वाटायचं, आपण कोणत्या तोंडाने बोलायचं? पंजाबरावने धनजला निरोप धाडला तेव्हा तो गोठ्यात बैलाला पेंड घालत होता. त्याने ऐकलं आणि पेंड घालत राहिला.

निकितानेही हट्ट केला नाही. हट्ट केला तर पायाची गोष्ट निघेल, काटा कुठे रुतला, कसला रुतला, आणि पंजाबराव म्हणजे मुळापर्यंत खणणारा माणूस. तिने एकदाच आईला विचारलं, की धनजला कॉलेज आहे का. उज्ज्वला म्हणाली, कारंज्याला आहे, एसटी जाते.

पाहुणे आले. पोरगा पवन, त्याचे वडील, आणि त्याची आत्या लिलाबाई. पोरगा खरंच बरा होता, मान खाली घालून बसला होता. पोहे झाले, चहा झाला. निकिताने चहाचा ट्रे दिला आणि पाटावर बसली. शिक्षण, रास, मामेकुळ, सगळं विचारून झालं. मग लिलाबाईने बशी खाली ठेवली.

"पोरीच्या पायाचं काही कानावर आलं होतं बा," ती म्हणाली. "राग नोका मानू. जलमाची गोष्ट हाये."

"काटा रुतला होता," पंजाबराव म्हणाला. "बरा झाला तो कधीचाच. काहून रे जगदेव?"

जगदेवने मान हलवली.

"मंग चालून दाखव बाई," लिलाबाई निकिताला म्हणाली. "दारालोक जाय अन् वापस ये."

जगदेव ताडकन उठायला हवा होता. माझी पोरगी बाजारातली गाय नाही, एवढं तरी म्हणायला हवं होतं. तो उठला नाही. पण त्याच्या मनात एकदम एक आशा उभी राहिली. सकाळीच त्याने पोरीला भिंत धरून न्हाणीत जाताना पाहिलं होतं. आता ती लंगडली, की हे लोक निरोपही न घेता उठतील. लंगड बाई, तो मनात म्हणू लागला. लंगड. मोकळी हो. लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

निकिता उठली. तिने एकदा बापाकडे पाहिलं. मग पदर सारखा केला आणि चालू लागली.

ती सरळ चालली. दुखरा पाय तिने चोरला नाही, पुरा तळवा फरशीवर टेकवून चालली. दारापाशी पोचली, वळली, आणि तशीच परत आली. मान वर, खांदे ताठ, ग्राउंडवर चालायला शिकली होती तशी. तिचे ओठ पांढरेफटक पडले होते. ते जगदेवला दिसले, कारण तो तेवढंच पाहत होता.

"साजरी चालते," लिलाबाई म्हणाली. "काईच खोट नाई. आपल्याले पसंत हाये."

पंजाबरावने मोठ्याने हसून साखर मागवली. निकिता सगळ्यांच्या पाया पडू लागली. सगळ्यांत शेवटी ती बापापाशी आली आणि वाकली. तिचं कपाळ त्याच्या पावलाला लागलं तेव्हा ते घामाने ओलं होतं.

"बाबा," ती वाकल्या वाकल्याच हळू म्हणाली, "दिसलं त नाई ना?"

"नाई बेटा," जगदेव म्हणाला. "कोनालेच नाई दिसलं."

तेवढ्यात पंजाबराव वाटी घेऊन आला. त्याने धाकट्या भावाच्या तोंडात चिमूटभर साखर घातली, आणि जगदेवने ती गिळली.